‘ॲडव्होकसी’साठी मराठी शब्द : रदबदली, वकिली की पाठपुरावा?

युरोपातील ज्यू संस्थांच्या कार्यावरील एका लेखाचे भाषांतर करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, ‘ज्यू ॲडव्होकसी’ या शब्दप्रयोगासाठी वशिला, लॉबिंग, शिष्टाई आणि वकिली यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि ‘अँटिसेमिटिझम’ला ‘सेमिटिकविरोध’ म्हटले तर चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. ‘ज्यूद्वेष’ लिहावे; लेखात इतरत्र ‘यहुदी’ वापरले असेल तर ‘यहुदीद्वेष’. सेमिटिक हे भाषाकुलाचे नाव आहे आणि त्यात हिब्रूप्रमाणेच अरबी व अम्हारिकही येतात. मात्र विल्हेल्म मार याने १८७९ साली जर्मनीत ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द चळवळीचे नाव म्हणून रूढ केला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर केवळ ज्यू होते. जुन्या धार्मिक द्वेषाला वंशशास्त्राचा मुलामा देणे हा त्यामागचा हेतू होता. शब्दशः भाषांतर केले तर तो मुलामा मराठीतही उतरतो, आणि ‘अरबही सेमिटिकच, मग ते ज्यूद्वेष्टे कसे असू शकतील?’ असा निरर्थक वाद सुरू होतो.

पहिला प्रश्न अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण ज्यूंच्या बाजूने बोलण्याचे स्वरूपच काळानुसार पालटत गेले आहे. मध्ययुगीन आणि त्यानंतरच्या युरोपात राजदरबारी जाऊन समाजासाठी विनवणी करणाऱ्याला ‘श्तद्लान’ म्हणत. रोसहाइमचा योसेल हा त्यांपैकी सर्वांत ख्यातनाम. १५३० साली आउग्सबुर्ग येथे सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर झालेल्या वादविवादात त्याने ज्यूंवरील आरोपांचे खंडन केले. १५४३ मध्ये मार्टिन ल्यूथरचे ज्यूविरोधी लिखाण प्रसिद्ध झाल्यावर स्ट्रासबुर्गच्या नगरपरिषदेकडे त्याने त्याच्या छपाईवर बंदी मागितली आणि ती मिळवली. त्याच्यापाशी ना सैन्य होते ना हक्क. समोरच्याची मर्जी संपादणे एवढेच त्याच्या हाती होते. या कामाला मराठीत ‘रदबदली’ हा अगदी नेमका शब्द आहे. ‘शिष्टाई’ मला तितकीशी योग्य वाटत नाही, कारण कृष्णशिष्टाईच्या आठवणीमुळे त्या शब्दामागे दोन सैन्ये उभी राहतात, आणि इथे एका बाजूला सैन्यच नव्हते. ‘वकिली’ पेशवाईच्या काळात शोभली असती. दिल्लीच्या दरबारात पेशव्यांची बाजू सांभाळणारे हिंगणे हे त्या अर्थाने वकीलच होते. आज मात्र त्या शब्दाने काळ्या कोटापलीकडचे काही सुचत नाही.

एकोणिसाव्या शतकात ज्यूंना अनेक देशांत नागरिकत्व मिळाले आणि मर्जीची जागा हक्काने घेतली. १८९३ साली बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे नावच ‘ज्यू धर्माच्या जर्मन नागरिकांची मध्यवर्ती संघटना’ असे होते, आणि त्यातील ‘नागरिक’ हा शब्द तिच्या साऱ्या भूमिकेचा गाभा होता. बदनामी करणाऱ्यांवर तिने न्यायालयात खटले भरले, मतदारांपुढे पुस्तिका ठेवल्या, खोट्या आरोपांना जाहीर उत्तरे दिली. स्वित्झर्लंडमधील ज्यू संस्थांनी १९३३ मध्ये बर्नच्या न्यायालयात ‘प्रोटोकॉल्स’ या कुप्रसिद्ध पुस्तकाविरुद्ध दाद मागितली. ज्यूंच्या जागतिक कटाची कहाणी रचणारे ते पुस्तक बनावट असल्याचे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ सालीच दाखवून दिले होते, १९३५ मध्ये बर्नच्या न्यायालयानेही तेच म्हटले. १९३७ साली वरच्या न्यायालयाने आरोपींची शिक्षा रद्द केली, पण ती तेथील कायद्याच्या शब्दांत ते पुस्तक बसत नाही या कारणाने. पुस्तक खरे ठरवून नव्हे. शेजारच्या जर्मनीत हिटलर सत्तेवर असताना पुराव्यांवर इतका विश्वास ठेवून उभे राहणाऱ्या त्या माणसांविषयी मला नितांत आदर वाटतो.

म्हणूनच ‘वशिला’ आणि ‘लॉबिंग’ हे दोन पर्याय मी ठामपणे बाजूला ठेवीन. इतर कोणत्याही संघटनेविषयी ‘लॉबी’ म्हटले तर ती फार तर टीका ठरते. ज्यूंच्या बाबतीत मात्र पडद्याआडून सूत्रे हलवणाऱ्या गटाचे तेच चित्र उभे राहते, जे ‘प्रोटोकॉल्स’ने जगभर पसरवले. ज्यूद्वेषाशी झगडणाऱ्यांचे वर्णन ज्यूद्वेषाच्या शब्दसंग्रहातून करणे अन्यायाचे आहे.

आधुनिक संस्थांसाठी माझी पसंती ‘हक्कांसाठी पाठपुरावा’ या शब्दप्रयोगाला आहे. सभा, न्यायालय वा वृत्तपत्र यांचा संदर्भ असेल तेथे ‘बाजू मांडणे’ अधिक सहज वाटेल. याचा अर्थ ‘रदबदली’ आता कालबाह्य झाली असा मात्र नाही. नाझी छळातून निसटून मुंबईत आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी १९३४ साली येथे ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाली. १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने त्यांतील अनेकांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी संस्थेला सरकारदरबारी खटपट करावी लागली. परक्या भूमीवरील निर्वासिताला हक्क सांगण्याची सोय नसते, त्यामुळे तेथे ‘रदबदली’ हाच शब्द खरा ठरतो. याउलट, २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. ती मागणी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, मराठी ही मायबोली असलेल्या बेने इस्राएलांसारख्या नागरिकांची होती, म्हणून तो पाठपुरावा.

वाचकाने पाठवलेल्या वाक्यात ‘होप’ही आहे आणि त्यासाठी त्यांनी ‘आशावाद’ योजला आहे. तेथे साधी ‘आशा’ ठेवावी. आशावाद ही जगाकडे पाहण्याची वृत्ती झाली, आणि या माणसांना जगाविषयी तसे म्हणण्यास इतिहासाने फारसा आधार दिलेला नाही. हिब्रूत आशेला ‘तिक्वा’ म्हणतात आणि त्यामागच्या धातूत वाट पाहण्याचाही अर्थ आहे; ‘श्तद्लान’च्या मागे मात्र झटण्याचा, प्रयत्न करण्याचा अर्थ आहे. वाचकाच्या वाक्यात दोन्ही हवे आहेत. ते असे लिहिता येईल : ‘ज्यूद्वेष वाढत असतानाही आपल्या हक्कांसाठी पाठपुरावा करणाऱ्या या संस्थांनी आशा सोडलेली नाही.’