परीक्षेनंतरही टिकणारी सवय

प्रश्न : मी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवते. ताणनियोजनाच्या कार्यशाळेनंतर ते आठवडाभर श्वसनाचे व्यायाम करतात आणि मग सोडून देतात. या सवयी टिकाव्यात म्हणून काय करावे?

उत्तर : कार्यशाळेतून माहिती मिळते, सवय मात्र रोजच्या क्रमात पक्की जागा मिळाली तरच रुजते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, व्यक्तीनुसार हा काळ १८ ते २५४ दिवसांचा होता आणि एखादा खाडा पडल्याने फारसे बिघडले नाही. ही शेवटची गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी, कारण एका चुकलेल्या दिवसानंतर सारेच सोडून देणारे पुष्कळ असतात.

कृती लहान असावी आणि आधीच घडणाऱ्या कामाला जोडलेली असावी. प्रत्येक जनावर तपासल्यावर हात धुतलेच जातात. तेवढ्या वीस सेकंदांत श्वास संथपणे सोडावा.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित प्रसंग दयामरणाचा आहे. प्राण्याला निरोप देऊन, मालकाचे रडणे ऐकून विद्यार्थी लगेच पुढच्या रुग्णाकडे वळतो. अशा वेळी दहा मिनिटे एकत्र बसण्याची प्रथा विभागाने पाडावी आणि आपल्याला काय वाटले ते आधी शिक्षकांनी सांगावे, म्हणजे विद्यार्थ्यांनाही बोलण्याचा धीर होतो.

रात्रपाळीनंतर झोपेला वेळच उरत नसेल, तर दोष विद्यार्थ्याचा नसून वेळापत्रकाचा आहे, आणि ते आपणच बदलून घ्यायला हवे. सलग दोन आठवडे उदासी राहिल्यास, किंवा जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवल्यास तर त्याच दिवशी, त्याला समुपदेशकाकडे स्वतः घेऊन जावे.