एका अळीचं औषध दुसरीला का लागू पडत नाही?

प्रश्न (लातूर जिल्हा): हरभऱ्यावर घाटेअळी मारणाऱ्या विषाणूचा गुण चांगला आला होता. म्हणून यंदा नवी बाटली आणून सोयाबीनवर फवारली. एकही अळी मेली नाही. बाटली बनावट होती का?

उत्तर: बाटली बनावट आहे असं लगेच धरू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पानं जाळीदार झालीत आणि एका पानाच्या खालच्या बाजूला लहान अळ्यांचा पुंजका दिसतो. घाटेअळीचं असं नसतं, तिचा पतंग अंडी एकेक, सुटी घालतो. पुंजक्यानं अंडी घालून त्यावर भुरे केस पसरवणारी ती तंबाखूची पानं खाणारी अळी, शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा लिट्युरा. घाटेअळी म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. बाटलीवर एचएएनपीव्ही लिहिलेलं असतं, त्यातलं एचए याच नावावरून आलंय, एनपीव्ही हे विषाणूच्या प्रकाराचं नाव. हा विषाणू घाटेअळीच्या शरीरात वाढतो, तंबाखूच्या अळीला त्याची बाधा होत नाही. तिच्यासाठी एसएलएनपीव्ही हा वेगळा विषाणू मागा. अळ्या लहान असतानाच, संध्याकाळी फवारा. उन्हात विषाणू निकामी होतो.

एवढी अवघड नावं कशाला, असं बरेच जण विचारतात. मला ती शेतकऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेली वाटतात. हीच हेलिकोव्हर्पा हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि कपाशीवर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणवते. आपल्या शिवारात कपाशी, मग फुलातली तूर, मग घाटे भरणारा हरभरा, असं तिला पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत खाणं मिळत राहतं. तिन्ही पिकांत तीन वेगळ्या किडी समजून चालणारा माणूस कपाशीतली अळी सोडून देतो आणि पुढे हरभऱ्यात तिच्याशीच झुंजतो. गुलाबी बोंडअळी मात्र वेगळी: पेक्टिनोफोरा गॉसिपिएला.

उलट प्रकारही आहे: लष्करी अळी हे नाव एक, किडी दोन. ज्वारीवरची जुनी लष्करी अळी मिथिम्ना सेपरेटा. २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळलेली, मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके दिसले की ती हीच.

स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी वनस्पतींसाठी १७५३ मध्ये आणि प्राण्यांसाठी १७५८ मध्ये ही दोन शब्दांची पद्धत रुजवली. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, दुसऱ्याने नेमकी जाती कळते. तंबाखूची अळी आणि मक्यावरची लष्करी अळी, दोघींचा पहिला शब्द स्पोडोप्टेरा. जवळच्या आहेत, तरी मादीच्या गंधानं नर पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यातल्या त्यांच्या गोळ्या वेगळ्या. दुकानात नुसती स्पोडोप्टेराची गोळी मागू नका, पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून न्या. घाटेअळीसाठी हेलील्युर ही गोळी, हेक्टरी ५ सापळे. सलग तीन दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग आले की फवारणीचा विचार करा. जुन्या पुस्तिकेत हेलिओथिस आर्मिजेरा असं छापलेलं दिसेल. अभ्यासानंतर प्रजाती बदलली, कीड तीच.

एक खुलासा: आपण पेरताना ज्याला जात म्हणतो तो वाण. बीडीएन ७११ हा तुरीचा वाण. तुरीचे सगळे वाण कजानस कजान याच जातीचे.

प्रश्न (बीड जिल्हा): तुरीला मर लागली. त्याच रानात हरभरा घेतला तर त्यालाही लागेल का?

उत्तर: तुरीची मर, म्हणजे झाडं वाळून जाण्याचा रोग, फ्युजॅरियम उडम या बुरशीमुळे येते, हरभऱ्याची फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरमच्या हरभऱ्यावरच पोसणाऱ्या प्रकारामुळे. म्हणून तुरीच्या मरीमुळे हरभरा टाळायचं कारण नाही. पण त्या रानात आधी कधी हरभऱ्याला मर लागली असेल तर गोष्ट वेगळी. ही बुरशी जमिनीत कित्येक वर्षं टिकते. तिथे ज्वारी घ्या, आणि हरभरा घ्यायचाच असेल तर मर-प्रतिकारक वाण निवडून बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळा.