महिन्याचे दोन हजार आणि मनासारखा खर्च

भाऊ, प्रश्न मनापासून आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नोकरी लागून वर्ष झालं, लातूरला खोली करून राहता, आई-वडील औशाकडे गावी आहेत. महिन्याला दोन हजार रुपये मनासारखे खर्च करायचं ठरवलंय. आता स्मार्ट घड्याळ घ्यावं, बिनवायरचे इअरफोन घ्यावेत की चांगलं शाईपेन, यावर अडलंय. त्यात वडील म्हणतात, पैसा उधळू नको.

आधी वडिलांचं बघू, कारण खरी गाठ तिथं आहे. आपल्याकडची त्यांच्या वयाची माणसं १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तो तर तुमच्याच तालुक्यात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एवढं पाहिलेल्या माणसाचा हात आखडता असणारच, आणि त्यांनी हात आखडता ठेवला म्हणून आपली शिक्षणं झाली. पण हेच वडील येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, कसे असतात ते आठवा. भज्जी, आंबील, उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या, आणि रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसालाही शेतात बोलावून जेवू घालणं. तिथं कुणी हिशेब धरत नाही. घरात सगळ्यांच्या वाट्याला येणारा खर्च त्यांना कधीच टोचलेला नाही. त्यामुळं पहिल्या महिन्याचे पैसे कुठे घालायचे, याचं उत्तर मला तुमच्या यादीबाहेर दिसतंय.

तिकडे येण्याआधी माझी एक कसोटी सांगतो. जी सवय तुम्हाला आधीच लागलेली आहे, तिच्यासाठी वस्तू घ्यावी. सवय लागावी म्हणून वस्तू घेऊ नये. रोज हाताखालून जाणारी गोष्ट थोडी भारी घेतली की तिचा आनंद रोज मिळतो, आणि तो लई दिवस टिकतो. उद्या कधीतरी आपण असे होऊ, या आशेवर घेतलेली वस्तू कपाटात जाते.

आता गावाकडच्या घरात सगळ्यात जास्त वापर कशाचा होतो? मार्च ते जून पंख्याचा. आई झोपते त्या खोलीत बीएलडीसी मोटरचा पंखा लावा. जुना साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, हा पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास. उन्हाळ्यात दिवसाला पंधरा तास पंखा चालतोच, म्हणजे महिन्याला वीसेक युनिट वाचतात. पण बिलापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की साधा पंखा नुसता रेंगाळतो, आणि नेमकं तेव्हाच अंगाची लाही होत असते. बीएलडीसी पंख्यात आतच इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यामुळं व्होल्टेज बरंच खाली आलं तरी त्याचा वेग टिकून राहतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरही तो दुपटीहून जास्त वेळ चालतो. अडीच-तीन हजारांपासून मिळतो, म्हणजे तुमचे दीड महिन्याचे पैसे. बसवताना वायरमनला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडायला सांगा, रेग्युलेटरवर हे पंखे नीट चालत नाहीत. शिवाय रिमोट असतो. मध्यरात्री आईला वेग कमी करायला उठावं लागणार नाही, हे सुख पैशात मोजता येत नाही. आमच्याकडे पंखा आल्यापासून रिमोट आईच्या उशाशीच असतो, दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

इअरफोनचं थोडक्यात सांगतो. बिनवायरच्या इअरफोनमध्ये बारीकशी लिथियम बॅटरी असते. ती दोनेक वर्षांत दमते आणि सहसा बदलता येत नाही. वरून आपला मे महिना. पारा ४२ वर असताना गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत राहिलेली बॅटरी आणखी लवकर जाते. तुम्ही म्हणता की खोलीवर स्वयंपाक करताना गाणी ऐकता. मग एक छोटा स्पीकर घ्या, तो ओट्याजवळ एकाच जागी राहतो. त्यावर न्यूज ऑन एअर ॲपमधून आकाशवाणी लावा. फोडणी देताना रेडिओ ऐकण्यात जी मजा आहे, ती कानात बोळे घालून येत नाही. प्रवासासाठी वायरचे साधे इअरफोन भरपूर झाले.

पेन मात्र अवश्य घ्या. दिवसभर सह्या आणि टिपणं असतात, असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे सवय आधीपासून आहे. काहीशे रुपयांत चांगलं निब मिळतं आणि वापरता वापरता ते आपल्या हाताला बसतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत शाई निबावर लगेच वाळते, म्हणून लिहिणं थांबलं की टोपण लावायचं. महिन्यातून एकदा साध्या पाण्यानं धुवायचं, गरम पाणी नको. कार्बन लावून लिहायच्या पावत्यांसाठी बॉलपेन जवळ असू द्या, तिथं निबावर जोर देऊ नका.

तुमच्या यादीत खाण्याचं काहीच नाही, याचं मला नवल वाटलं. वरण-भात रोजचा आहे ना? मग निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीची तूरडाळ एकदा आणा. ती भौगोलिक मानांकन मिळालेली डाळ आहे. नेहमीच्या डाळीपेक्षा भाव जास्त पडतो, पण एकट्या माणसाला महिन्याला डाळ लागते किती? किलोभर. तेवढ्या फरकात रोजच्या वरणाची चव बदलते. जालन्याच्या दगडी ज्वारीचंही तसंच आहे. भाकरी तीच, पण ताटात वेगळी कळते. चांगल्या डाळीला मी चैन म्हणत नाही. पण तुमच्या दोन हजारांतून ती आली तर त्यापरता चांगला खर्च मला सुचत नाही. लातूरच्या बाजारात, गोलाईत घेता त्या चहाचे पैसेही कापू नका. मित्रांबरोबर उभं राहून घेतलेला चहा बंद करून कुणी श्रीमंत झालेला मी पाहिला नाही.

हिशेबासाठी एक सोय सांगतो. फोनवर यूपीआय लाइट सुरू करा आणि एक तारखेला त्यात दोन हजार टाका. त्यात पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि एका वेळी हजारापर्यंत पिन न टाकता देता येतात. चहा, शाई, डाळ सगळं त्यातूनच द्यायचं. संपले की महिना संपला. आपोआप पैसे भरायची सोय असते, ती मात्र बंद ठेवा, नाहीतर मर्यादेला अर्थ उरत नाही. बँकेच्या पासबुकात दहा-वीस रुपयांच्या नोंदींची रांग लागत नाही, फक्त एकदा टाकलेले दोन हजार दिसतात. वडिलांनी पासबुक मागितलं तर मोकळ्या मनानं दाखवा आणि हे पैसे कशाचे तेही सांगा. लपवून केलेल्या खर्चाचा आनंद अर्धाच होतो.

राहिलं घड्याळ. तुम्ही रोज चालायला जाता असं प्रश्नात कुठे दिसलं नाही, चालायला सुरुवात करायची आहे असं लिहिलंय. मग आधी चाला. पावलं फोनवरही मोजता येतात, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. दिवाळीपर्यंत चालणं टिकलं तर खुशाल घ्या, आणि घेताना पट्टा सहज बदलता येईल असं बघा. आपल्या उन्हाळ्यात घामानं पट्टाच आधी जातो.