टर्कीसाठी ठासणीची बंदूक भरताना दारू वाढवावी का?

आपला प्रश्न असा आहे की, १२ बोअरच्या दुनळी ठासणीच्या बंदुकीत ९० ग्रेन (सुमारे सहा ग्रॅम) काळी दारू आणि एक औंस छर्रे भरून बार टाकल्यावर २५ यार्डांवरील कागदावर छर्ऱ्यांचे कडे उमटते आणि मधली जागा कोरी राहते. तेव्हा येत्या वसंतातल्या टर्की पक्ष्याच्या शिकारीच्या हंगामासाठी दारू आणखी वाढवावी का. वाढवू नका, कमी करा. छर्रे मात्र वाढवा.

माझे बालपण सिंधुदुर्गात गेले. तेथे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक पुष्कळ घरांत असे, आणि 'बार भरणे', म्हणजे एका वेळची दारू आणि छर्रे नळीत ठासणे, हा शब्द मी तेथेच शिकलो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो ते अमेरिकेतील परवान्याच्या शिकारीपुरतेच समजावे. मी स्वतः मिसुरीच्या दक्षिणेकडील ओझार्कच्या टेकड्यांत शिकारीला जातो.

टर्कीच्या अंगावर बार टाकून उपयोग नसतो, कारण दाट पिसे आणि छातीचे जाड मांस यांत छर्रे अडकतात आणि पक्षी जखमी होऊन निघून जातो. नेम डोक्यावर आणि मानेवर धरायचा असतो. तो भाग मनगटाएवढा, त्यात कवटी आणि मानेचा कणा एवढेच काय ते लक्ष्य. तेवढ्या जागेत एकाच वेळी बरेच छर्रे पोहोचणे महत्त्वाचे, त्यांचा वेग नव्हे. जुन्या घडणीच्या ठासणीच्या नळीला तोंडाशी बहुधा चोक नसतो, म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा आवळून धरणारे काही नसते. अशा नळीत दारू जास्त झाली की तोंडाबाहेर पडताना मागचा जाड वॅड, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधला बूच, छर्ऱ्यांच्या घोळक्यात घुसतो आणि त्यांना बाजूला फेकतो. आपल्या कागदावरचे कडे बहुधा याचेच आहे.

जुना हिशेब मापाचा आहे: ज्या मापाने दारू घ्यायची त्याच मापाने छर्रे घ्यायचे. ७० ग्रेनच्या मापात साधारण एक औंस छर्रे मावतात, ९० ग्रेनच्या मापात सव्वा औंस. म्हणजे आपला बार सुरुवातीपासूनच दारूकडे झुकलेला आहे. टर्कीसाठी मी त्याच्या उलट बाजूला झुकतो: ७५ ग्रेन दारू आणि सव्वा औंस छर्रे. ६ नंबरचे शिशाचे छर्रे एका औंसात सुमारे २२५ असतात, म्हणजे सव्वा औंसात २८० च्या आसपास; ४ नंबरचे, म्हणजे जरा मोठे, घेतल्यास तेवढ्याच वजनात १७० च्या आतबाहेर. चोक नसलेल्या नळीला मी ६ नंबरच देतो आणि २५ यार्डांपलीकडे चाप ओढत नाही. मिसुरीत टर्कीसाठी ४ नंबरहून मोठे छर्रे चालत नाहीत. आपल्या राज्याचा नियम आपण पाहून घ्यावा. बंदुकीच्या कारखान्याने दारूची आणि छर्ऱ्यांची जी कमाल मर्यादा दिली असेल ती माझ्या आकड्यांपेक्षा वरचढ समजावी, आणि बंदूक आजोबांच्या काळातली असेल तर ती आधी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी. दारू काळीच हवी, म्हणजे २एफ या मध्यम दाण्याची, किंवा तिच्याऐवजी वापरण्यासाठीच बनवलेली आणि मापाने घ्यायची पर्यायी दारू. काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभर घातली तरी नळी फुटू शकते.

आता भरण्याविषयी. नळी रिकामी आहे याची खात्री प्रथम गज, म्हणजे ठासायची काठी, आत सोडून करावी. गजावर दोन खुणा कोरून ठेवाव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या बाराची. पहाटेच्या अंधारात त्या नखाला कळतात. नंतर नळीतले तेल कोरड्या फडक्याने पुसून दोन्ही निपलांवर (नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळ बोंड्यांवर) एकेक कॅप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) नुसतीच वाजवावी, नळीचे तोंड गवताच्या पात्याजवळ धरून. पाते हलले तर वाट मोकळी आहे. पहिल्या वर्षी मी हे टाळले होते. अठरा पावलांवर नर टर्की मान उंच करून उभा होता, कॅप वाजली, निपलात साचलेल्या तेलाने ठिणगी गिळली आणि तो टेकडीपलीकडे गेला. नळीचे तोंड मी त्याच दिशेने धरून ठेवले, कारण असा बार काही वेळा उशिरा उडतो. निदान एक मिनिट थांबल्याशिवाय त्याला हात लावू नये.

भरताना दोन्ही निपलांवर कॅप नसावी आणि तोंड आपल्या चेहऱ्यापासून दूर असावे. दारू भांड्यातून थेट नळीत कधीही ओतू नये. आत एखादी ठिणगी राहिली असेल तर हातातले सगळे भांडेच पेटते. मापात घेऊन मगच ओतावी. दुनळीत एकाच नळीत दोनदा दारू जाण्याची चूक सहज होते, म्हणून एक नळी भरत असताना मी दुसरीत गज घालून ठेवतो. दारूवर सुमारे एक अष्टमांश इंच जाडीची कडक पुठ्ठ्याची चकती येते. ती तोंडाशी तिरपी शिरवून आत आडवी करावी लागते, आणि खाली हवा कोंडून ती परत वर येऊ पाहते, तेव्हा गज सावकाश, एकसारख्या दाबाने, दारूवर टेकेपर्यंत दाबावा. मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुगण्याचा धोका असतो. त्यावर फेल्टचा वंगण लावलेला जाड वॅड. तो बाजारात अर्ध्या इंचाचा मिळतो, पण मी धारदार सुरीने त्याचे दोन भाग करून एकच वापरतो, कारण हलका वॅड छर्ऱ्यांत कमी घुसतो. मग छर्रे, आणि शेवटी पातळ पुठ्ठ्याची चकती, जिला मी दाभणाने एक बारीक भोक पाडून ठेवतो म्हणजे हवा निघून जाते. ही चकती घट्ट बसायला हवी. उजवा बार उडाला की धक्क्याने डाव्या नळीतले छर्रे पुढे सरकू शकतात, म्हणून पुन्हा भरण्याआधी डाव्या बाजूची कॅप काढून गजाची खूण तपासावी. कॅप शेवटी, शिकारीच्या जागी बसल्यावरच चढवावी.

राहिला कागद. जाड तपकिरी कागदावर टर्कीचे डोके आणि मान खऱ्या मापाची काढा आणि २० व २५ यार्डांवर, बंदूक टेकवून, प्रत्येक नळीने वेगवेगळे बार टाका. दुनळीच्या दोन नळ्या क्वचितच एकाच जागी मारतात. सुरुवात ७५ ग्रेन आणि सव्वा औंसावर करा, प्रत्येक मापाचे तीन कागद पाहा, आणि नंतरचा बदल पाच-पाच ग्रेननेच करा.