गव्हाणीखालचा वजनकाटा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी

प्रश्न : माझा मुलगा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुरांनी किती खाल्ले आणि त्यातून त्यांचे वजन किती वाढले हे मोजणाऱ्या यंत्रणांवर कॅनडात एमएस्सी करायचे त्याने मनात घेतले आहे. ही गुरे मांसासाठी पाळलेली असतात आणि आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. शिवाय इंजिनिअर होऊन गोठ्यात काम करायचे, हे त्याच्या आईला पटत नाही. या विषयाला काही भवितव्य आहे का?
– एक पालक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

वहिनींची गोठ्याबद्दलची शंका आधी घेतो, कारण तिचे उत्तर सोपे आहे. ज्या विद्याशाखेत आपले चिरंजीव शिकत आहेत, तिचे मूळ 1890 साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या कलाभवनात आहे आणि तेथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम यांसारख्या हातच्या धंद्यांचे शास्त्र शिकवले जात असे. त्या परंपरेतल्या मुलाने गव्हाणीकडे वळावे यात मला तरी काही कमीपणा दिसत नाही.

आता विषयाकडे येतो. गुरे पाळण्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा चाऱ्याचा आणि खुराकाचा असतो. तरीही प्रत्येक जनावर स्वतंत्रपणे किती खाते, हे मोजणे फार काळ जवळजवळ अशक्य होते, कारण कळपात सगळी एकाच गव्हाणीवर तोंड घालतात. पूर्वी प्रत्येक जनावराच्या गळ्यात एक किल्ली बांधून तिनेच उघडेल असे स्वतंत्र दार बसवत आणि जनावराला ते दार ओळखायला शिकवत. आजच्या यंत्रणेत गव्हाण भारसंवेदकांवर, म्हणजे लोडसेलवर, ठेवलेली असते आणि तिच्या काठात ॲन्टेना बसवलेला असतो. जनावराने मान खाली घातली की त्याच्या कानातला आरएफआयडी बिल्ला, म्हणजे रेडिओलहरींनी ओळख सांगणारा बिल्ला, वाचला जातो आणि गव्हाणीचे वजन किती घटले ते त्याच्या खाती जमा होते. समजा, गव्हाणीत 38.4 किलो मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, होता आणि जनावर बाजूला झाले तेव्हा 37.1 किलो उरला, तर त्याने 1.3 किलो खाल्ले. मात्र मुरघासात कोरडा अंश 35 टक्के असेल, तर पोटात गेलेला खरा आहार साधारण 455 ग्रॅमच आहे. लोडसेलला ओला आणि सुका चारा यांतला फरक कळत नाही, तो माणसालाच हिशेबात धरावा लागतो.

मिळालेल्या आकड्याचे पुढे काय करायचे, हा या विषयाचा गाभा आहे आणि आपल्या चिरंजीवांची खरी परीक्षा तेथेच होणार आहे. सरळ हिशेब असा की 10.5 किलो कोरडा आहार खाऊन रोज 1.4 किलो वजन वाढले, तर एका किलोमागे साडेसात किलो आहार लागला. हे गुणोत्तर समजायला सोपे असले, तरी केवळ त्याच्यावर भरवसा ठेवून वळू निवडत गेल्यास पुढच्या पिढ्यांत झपाट्याने वाढणारी आणि म्हणून आकाराने मोठी होणारी जनावरे येत जातात, आणि मोठ्या गाईला वर्षभर पोसण्याचा खर्चही मोठा असतो. यावर तोडगा म्हणून 1963 साली एक वेगळे माप सुचवले गेले. जनावराचे वजन आणि त्याची वाढ लक्षात घेऊन त्याने किती खाणे अपेक्षित होते ते सांख्यिकीने काढायचे आणि प्रत्यक्ष खाल्लेल्या आहारातून ते वजा करायचे. दोन गोऱ्ह्यांचे वजन आणि वाढ सारखीच आहे, दोघांकडून अपेक्षा 10.5 किलोची आहे, पण एक 9.8 किलो खातो आणि दुसरा 11.3 किलो, असे समजा. पहिल्याचे हे माप उणे 0.7 आणि दुसऱ्याचे अधिक 0.8 येते. दिसायला दोघे सारखेच, पण शंभर दिवसांत दीडशे किलो कोरड्या आहाराचा फरक पडतो. हा गुण मध्यम प्रमाणात आनुवंशिक असल्यामुळे आणि एका वळूचे वीर्य कृत्रिम रेतनातून हजारो वासरांपर्यंत पोहोचत असल्यामुळे, एका वळूच्या चाचणीवर एवढा खर्च करणे परवडते.

चाचणी मात्र चिकाटीची असते. जनावरांना नव्या गव्हाणीची सवय व्हायला सुमारे तीन आठवडे द्यावे लागतात आणि त्यानंतर रूढ पद्धतीने 70 दिवस मोजणी चालते. आहाराचा अंदाज बराच लवकर, सुमारे 35 दिवसांत, स्थिर होतो. वजनवाढीला मात्र जास्त दिवस लागतात, कारण भरपूर पाणी प्यायलेले जनावर काट्यावर लगेच वीस-तीस किलोंनी जड भरू शकते आणि तेवढी खरी वाढ व्हायला दोन-तीन आठवडे जातात. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने असाच काटा एका गोठ्यात बसवला होता. पहिल्या आठवड्यात म्हशी हनुवटीने गव्हाण दाबत, काठावर साळुंक्या येऊन बसत, आणि त्यावर त्याने गणिताने मात केली. दुसऱ्या आठवड्यात उंदरांनी केबल कुरतडली, तिथे गणित चालले नाही. हे ऐकून ज्याला हसू येईल आणि तरीही पुन्हा केबल टाकायला जावेसे वाटेल, त्यानेच या क्षेत्रात जावे.

आपल्या मुख्य अडचणीबद्दल आडपडदा न ठेवता लिहितो. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत हे संशोधन मुख्यतः मांसासाठीच्या गुरांवर झाले आहे आणि चाचणीतली बरीच जनावरे शेवटी कत्तलखान्यात जातात. आपण फक्त आकडे पाहतो, असे म्हणून मुलाला त्यातून अंग काढता येणार नाही. आहार आणि मांसाची प्रत यांचा संबंध तपासणे हाही त्या अभ्यासाचा भाग असू शकतो. म्हणून हा निर्णय त्याने स्वतःशी प्रामाणिक राहून घ्यावा, आणि ‘शिक्षणच तर आहे’ असे म्हणून घरातल्यांनी तो त्याच्यासाठी सोपा करू नये.

पण हीच विद्या दुभत्या जनावरांना लागू पडते आणि तेथे ती अधिक कठीण, म्हणून माझ्या मते अधिक रोचक आहे. दुधातून बाहेर जाणारी ऊर्जा हिशेबात धरावी लागते, शिवाय व्यायल्यानंतर गाय अंगावरची चरबी जाळून दूध देते. अशी खंगत चाललेली गाय कागदावर फार ‘काटकसरी’ दिसते, आणि ही फसगत ओळखायला पशुआहाराचे ज्ञान लागते. आपल्याकडे त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. आणंद रेल्वेने तासाभराच्या आत आहे, तेथे 1965 पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि खेडा-बडोदा हा तर सुरती म्हशीचाच मुलूख. मंडळाने राबवलेला संतुलित आहाराचा कार्यक्रम याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे: जनावर निवडण्याऐवजी त्याचा आहार सुधारणे. पुढे कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आणि बंगळुरूची पशुपोषण व शरीरक्रिया संस्था आहेत.

माझा सल्ला असा. मुलाने अभियांत्रिकी सोडून पशुवैद्यकाकडे वळू नये. तो अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे आणि त्याला ज्या कामाची ओढ आहे त्यासाठी तो आवश्यक नाही. चौथ्या वर्षाचा प्रकल्प त्याने एका गव्हाणीचा आणि दोन म्हशींचा घ्यावा, आणि त्यासाठी आणंदच्या एखाद्या प्राध्यापकांकडे महाविद्यालयाचे पत्र घेऊन स्वतः जावे. ऐच्छिक विषयांत सिग्नल प्रोसेसिंग आणि सांख्यिकी घ्यावी. पशुआहाराचे एखादे प्राथमिक पुस्तक सुट्टीत वाचून काढावे. परदेशी एमएस्सीचा अर्ज वर्षभर लांबवला तरी नुकसान नाही, कारण प्रबंधावर आधारित प्रवेशासाठी मार्गदर्शक प्राध्यापक मिळावा लागतो, आणि स्वतः जमवलेली दोन महिन्यांची खरी नोंद, तिच्यातल्या चुकांसह, कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा त्या प्राध्यापकांना अधिक काही सांगते. कॅनडातल्या गुएल्फ किंवा अल्बर्टा विद्यापीठाला लिहिताना दुभत्या जनावरांवर काम करणारे मार्गदर्शकही पाहावेत.

वहिनींना एक विनंती. आणंदच्या पहिल्या खेपेला त्यांनी मुलाबरोबर जावे आणि पहाटेच्या धारांच्या वेळेलाच पोहोचावे, कारण दुपारी गोठ्यात म्हशी रवंथ करत बसलेल्या असतात आणि काट्यावर पाहण्यासारखे काहीच घडत नाही.