चाके काढाल, पण आरसीचे काय?

प्रश्न: मी बेळगावात टिळकवाडीला राहतो. आठ महिन्यांपूर्वी कोल्हापुरातून फायबर बॉडीची, दोन आसनांची उघडी गाडी घेतली. ट्यूबचा सांगाडा आणि त्यावर मारुती ८०० चे इंजिन-गिअरबॉक्स. आरसी मारुती ८०० ची, चार आसनी, एमएच-०९, माझ्या नावावर पण कोल्हापूरच्या पत्त्यावर. १२ इंची चाके काढून रॅलीतली १३ इंची रुंद अलॉय बसवली. पीसीडी (चाकाच्या बोल्टांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळेना म्हणून उद्यमबागेत लेथवर २० मिलीमीटरचे अडॅप्टर, म्हणजे मध्ये घालायच्या जोडचकत्या, करून घेतले. जांबोटीच्या रस्त्याला पुढचे डावे चाक सुटून एका दुचाकीस्वाराला लागले, त्याचा हात मोडला. पोलिसांनी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ चे चलन केले, आरटीओची कानडीत नोटीस आली आणि विमा कंपनीने माझ्या गाडीचा क्लेम नाकारला. जुनी चाके बसवली की प्रकरण मिटेल ना?

उत्तर: नाही मिटणार. चाकांमुळे गाडी नजरेत भरली एवढेच, खरे दुखणे आरसीत, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या के. जयचंद्र निकालात हेच ठामपणे सांगितले. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार की ज्याने तिचे मूळ वैशिष्ट्य बदलते, असे म्हटले आहे. नुसत्या चाकांचा प्रश्न असता तर या स्पष्टीकरणावर न्यायालयात भांडायला जागा होती. तुमच्या गाडीत मात्र छत, दारे, दोन आसने आणि अख्खा सांगाडाच गेला आहे. आरसीत लिहिलेली मारुती ८०० आज अस्तित्वातच नाही. चासी नंबरचा मूळ पत्रा कापून ट्यूबवर वेल्ड केला आहे का, ते आजच पाहा. तसे असेल तर वकिलाला सोबत घेतल्याशिवाय कुणालाही एक ओळ लिहून देऊ नका, कारण मग विषय फसवणुकीकडे वळू शकतो.

'नवीन गाडी म्हणून नोंदवून घेऊ' हा मार्गही बंद आहे. नोंदणीला उत्पादकाचा फॉर्म २२ (गाडी नियमांत बसते असा त्याचा दाखला) लागतो आणि त्यामागे नियम १२६ प्रमाणे नमुना गाडीची चाचणी, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र. गॅरेजात जोडलेल्या एकट्या गाडीला ते परवडत नाही आणि सहसा मिळतही नाही.

आता चलन. १८२-अ (४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. चार चाके म्हणजे चार बदल असा हिशेब कुणी मांडला तर हरकत जरूर घ्या. पण या गाडीसाठी खटला लढवावा असे मला वाटत नाही. तडजोड रक्कम भरून चलन निकाली काढा. अपघाताचा वेगळा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली नोंदला असेल, तर तो या रकमेने मिटत नाही.

नोटीस बहुधा कलम ५३ ची, नोंदणी स्थगितीची आहे. गाडी महाराष्ट्रात नोंदलेली असली तरी ती हद्दीत असल्याने बेळगावच्या आरटीओला तो अधिकार आहे. नोटीस कानडीत आहे म्हणून कपाटात टाकू नका. भाषांतर करून घ्या, कारण मुदतीचे दिवस ती हातात पडल्यापासून मोजले जातात. लेखी म्हणणे द्या, गाडी रस्त्यावरून काढल्याचे सांगा आणि पोच घ्या. स्थगितीचा आदेश झालाच तर कलम ५७ खाली अपिलाला ३० दिवस मिळतात. स्थगिती सलग सहा महिने राहिली, तर मूळ आरटीओ नोंदणी रद्द करू शकतो. सीमाभागात एमएच-०९ गाड्या वर्षानुवर्षे फिरतात, पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला कलम ४७ प्रमाणे नवा क्रमांक घ्यावा लागतो. तुमचे चार महिने उरलेत. एनओसी (ना-हरकत दाखला) आणून बेळगावचा केए-२२ क्रमांक घ्यायला गेलात की गाडी तपासणीला उभी राहणार, आणि तिथे कागद व गाडी शेजारी शेजारी येणार.

विम्याचे दोन भाग वेगळे धरा. स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अवघड आहे. अटभंग असला तरी ७५ टक्क्यांपर्यंत द्यावे, असे अमलेंदू साहू निकालाच्या (२०१०) आधारे मागता येते. पण तुमच्या प्रकरणात भंग आणि अपघाताचे कारण एकच आहे, तो अडॅप्टर. १२ मिलीमीटरच्या स्टडवर (चाक धरणाऱ्या बोल्टवर) नट निदान १२ मिलीमीटर आत जायला हवा, म्हणजे १.२५ मिलीमीटरच्या आट्याला साडेनऊ वेढे. अडॅप्टर मध्ये आल्यावर कित्येकदा चार-पाचच वेढे बसतात. त्यात रेसिंग रिमचे मधले भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागापेक्षा) मोठे असेल तर सगळा भार स्टडवर येतो आणि जांबोटीच्या खड्ड्यांत नट सैल होत जातात. विमा कंपनीचा सर्व्हेअर हेच लिहिणार. त्याच्या अहवालाची प्रत मागा आणि तुटलेले स्टड, नट, अडॅप्टर तारीख घालून पिशवीत ठेवा, भंगारात देऊ नका. तरीही दाद मागायची असेल तर विमा ओम्बड्समनकडे (तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे) नकारापासून एक वर्ष, बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षे.

खिशाला खरी झळ जखमी दुचाकीस्वाराच्या दाव्याची बसेल. अपघातापासून सहा महिन्यांत तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. विमा कंपनीला बचावाची जी कारणे कलम १५० देते, त्यांत 'बदललेली गाडी' हे कारण नाही. पण महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेणे हे आहे. कंपनीने त्याला पैसे दिले तरी ती तुमच्याकडून वसूल करायला येईल. दुचाकीस्वार जखमी झाल्याची लेखी खबर कंपनीला अजून दिली नसेल तर आजच रजिस्टर पोस्टाने द्या.

रॅलीच्या रिमांबद्दल एवढेच: आयएसआय छाप नसलेली, आतून 'फक्त स्पर्धेसाठी' असे कोरलेली रिम रस्त्यावर नको. तुमचे जुने १४५/७० आर १२ टायर सुमारे ५०८ मिलीमीटर व्यासाचे. जागी १८५/६० आर १३ घातले असतील तर ५५२ होतात, म्हणजे काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी पासष्टने पळते. स्लिक, म्हणजे शर्यतीच्या गुळगुळीत टायरला तर नियमाला लागणारी १.६ मिलीमीटरची खाच नसतेच.

गाडीवर जीव असेल तर ट्रकवर चढवून बंदिस्त ट्रॅकवर न्या. आणि जी मारुती आता उरलेली नाही तिची नोंदणी कलम ५५ प्रमाणे रद्द करण्याचा अर्ज तयार ठेवा. चासी नंबरचे कोडे उलगडल्यावरच तो कोल्हापूरच्या आरटीओत द्या.