जिप्सीत १.३ डिझेल इंजिन टाकतोय, कोणते माउंट घेऊ?

भाऊ, तुम्ही विचारायलेत की जुन्या पेट्रोल जिप्सीत स्विफ्टचं डिझेल इंजिन बसवायचंय तर ओरिजिनल माउंट (इंजिन चॅसिसला धरून ठेवणारे रबरी आधार) चालतील का. नाही चालणार. जिप्सीच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क (फिरवायचा जोर) 103 एनएम, ह्या डिझेलचा 190, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि वरून डिझेलचं व्हायब्रेशन. स्विफ्टचे माउंट पण कामाचे नाहीत कारण तिथं इंजिन आडवं बसतं आणि खालचा टॉर्क रॉड त्याला धरतो, जिप्सीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत. दोन साइडला दोन आणि गिअरबॉक्सखाली क्रॉसमेंबरवर (चॅसिसच्या आडव्या पट्टीवर) एक, अशी रचना करा.

जाड रबराचे, आतून लोखंड अडकलेले माउंट घ्या, म्हणजे रबर फाटलं तरी इंजिन निसटत नाही. लई कडक पीयू (पॉलियुरेथेन, रबरासारखंच पण टणक) नका घेऊ, लातूर-नांदेडकडं कुणी सॉलिड (बिनरबरी) माउंटचा सल्ला दिला तरी नकोच, आयडलवर अख्खी बॉडी थरथरते आणि ब्रॅकेटचं वेल्डिंग चिरतं. पीयूच पाहिजे असंल तर 60-70 शोअर ए (कडकपणाचं माप) च्या वर जाऊ नका.

ब्रॅकेट 6 एमएम प्लेटचे, कोपऱ्यात त्रिकोणी आधार देऊन. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा, संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) पुढच्या डिफरन्शियलला आणि फॅन रेडिएटरला लागत नाही बघा, मग रबर काढूनच पूर्ण वेल्डिंग करा, नाहीतर उष्णतेनं रबर जातं. इंजिन ते चॅसिस जाड अर्थ केबल विसरू नका.

आणि इंजिन बदलायच्या आधी आरटीओची परवानगी काढा, मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम 52 आहे, नंतर विमा क्लेमला लई त्रास होतो.